लपवलेले दुखणे आणि बाबासाहेबांनी लढवलेला खटला



आपल्या घरात कोणत्या गोष्टीवर बोलणे होत नाही? कंपनीने ब्रेक दिला, दहावीचा निकाल लागला, खोलीचे भाडे वाढले, जयंतीची वर्गणी किती द्यायची, निवडणुकीत कोणाला मत द्यायचे, असे सगळे विषय रात्री जेवताना निघतात. निघत नाही तो एकच विषय. कमरेखालच्या अवयवाला काही झाले तर मुलगा बापाला सांगत नाही. मुलगी आईला सांगते, तेही अर्धेच. आणि आई-बाप "हे वय अभ्यासाचे आहे, नसते विचार करू नको" एवढे बोलून मोकळे होतात.

शरीर मात्र कोणाची परवानगी घेऊन वयात येत नाही. बारा-तेराव्या वर्षापासून मुला-मुलींच्या मनात शंभर प्रश्न उभे राहतात. घरात उत्तर मिळाले नाही म्हणून प्रश्न मरत नाहीत, ते बाहेर उत्तर शोधायला जातात. मग उत्तर कोण देतो? कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या नगर रोडच्या पट्ट्यात गावाकडून आलेली आपली कितीतरी मुले कंपन्यांत राबतात, एका खोलीत चार-पाच जण राहतात. आई-बाप लांब गावी. अशा मुलाला उत्तर देते भिंतीवर रंगवलेली 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' ही जाहिरात, रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेला जडीबुटीवाला, खोलीतला दोन वर्षांनी मोठा मित्र, नाहीतर मोबाईलवरचे घाणेरडे चित्रण. यांपैकी एकालाही शरीरशास्त्र ठाऊक नसते. भीती कशी विकायची, एवढे मात्र बरोबर ठाऊक असते.

आपल्यातल्या काही ज्येष्ठांना हा विषय साप्ताहिकात, तेही कुटुंबाच्या पानावर, बरा वाटणार नाही. "बाबासाहेबांच्या विचारांच्या पत्रात हे कशाला?" असे ते विचारतील. त्यांच्यासाठीच आज एक जुना खटला सांगायचा आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे त्यांना महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. या मासिकात वाचक आपल्या शरीराच्या खाजगी अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे सरळ उत्तरे देत. सनातनी मंडळींना ते सहन झाले नाही. १९३१ साली एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला भरला गेला. या वेळी गुन्हा होता वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याचा! हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर लोकांनी शंका विचारल्या आणि कर्व्यांनी त्यांचे निरसन केले, एवढेच काय ते घडले होते.

हा खटला कोर्टात कोणी लढवला? बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर यांनी! चवदार तळ्याचा संग्राम, गोलमेज परिषदा, पुणे करार एवढे सगळे पार पडलेले. समाजाच्या कामाचा डोंगर डोक्यावर. अशा वेळी ज्या माणसाच्या बाजूने उभे राहिल्यास बदनामीच पदरी पडायची, त्याचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. त्यांची भूमिका सरळ होती. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले, असे होत नाही. लोक अडचणीत सापडून प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. कोणाच्या वागण्यात काही विकृती असेलच, तर ती जाईल ज्ञानाने. तोंड दाबून ती जाणार नाही. कोर्टाने हे मानले नाही. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण त्या दिवशी हरलेला विचारच पुढे खरा ठरला. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागेही बाबासाहेबच होते. ठराव नामंजूर झाला. नंतर स्वतंत्र भारताच्या सरकारला तोच कार्यक्रम देशभर राबवावा लागला.

तेव्हा शरीराबद्दल प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्रशुद्ध उत्तर मिळणे, हा हक्क बाबासाहेबांनी कोर्टात उभे राहून मागितलेला आहे. त्यांचे फोटो घरात लावणाऱ्या आपण तो हक्क आपल्याच लेकरांना नाकारायचा काय?

आता धम्मातली एक गोष्ट. विनयपिटकाच्या महावग्गात वैद्यराज जीवकाची कथा येते. मगधाचा राजा बिंबिसार याला भगंदर झाला होता. भगंदर म्हणजे गुदद्वाराजवळची जखम. रक्ताने त्याची वस्त्रे माखत. ते पाहून राण्या हसत आणि "महाराजांना पाळी आली" म्हणून चेष्टा करत. एवढा मोठा राजा, पण तो शरमून गेला. तरी त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. आपले दुखणे त्याने अभय राजकुमाराला सांगितले. अभयने तरुण जीवकाला बोलावले. जीवकाने लेप लावून राजाला बरे केले. पुढे हाच जीवक तथागतांचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला. ही कथा मला फार मोलाची वाटते. हसणारे अडीच हजार वर्षांपूर्वीही होते. लाज राजालाही वाटली. पण राजा बरा झाला तो एका विश्वासू माणसाजवळ तोंड उघडले म्हणून. आपल्या घरातल्या मुलाला, मुलीला असा एक अभय आहे काय?

तोंड न उघडल्याची किंमत किती मोठी असते, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरांतील ९२ स्त्रियांना गर्भाशयाचा किंवा जननेंद्रियांचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरांत अवघ्या आठ! बाकीच्या दुखणे अंगावर काढत शेतात राबत होत्या. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी बायांना "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" अशी भीती घालण्यात आली होती. शिरूर-दौंडच्या फडांवर ऊस तोडायला येतात त्या याच आपल्या भगिनी. तरुणपणी योग्य डॉक्टरांचा सल्ला आणि साधे औषध मिळाले असते, तर त्यातल्या अनेकींची ही शस्त्रक्रिया टळली असती.

मी कारकुनी करणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पुढे लिहितो आहे ते वैद्यकशास्त्रात मान्य असलेले आहे. ते वाचून घरी इलाज करायचा नाही. कोणत्या गोष्टीला घाबरायचे नाही आणि कोणत्या गोष्टीला थांबायचे नाही, एवढेच त्यातून घ्यावे.

आधी मुलांविषयी. वयात आलेल्या मुलाला झोपेत वीर्यपात होणे हा रोग नाही. 'स्वप्नदोष' या नावातच दोष शब्द घातल्यामुळे मुले उगाच स्वतःला दोषी समजतात. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, नजर जात नाही, पुढे मूल होण्यास अडथळा येत नाही. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अमुक थेंब, हे गणित खोटे आहे. या भीतीने खंगणारी मुले आपल्या देशात एवढी आहेत की डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली त्याला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. म्हणजे मुलाला खंगवते ती भीती. धातू गेल्याने कोणी खंगत नाही. लिंगाचा आकार, थोडा बाक, एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणे, या गोष्टी बहुतेक वेळा अगदी नैसर्गिक असतात.

पण एक दुखणे असे आहे की त्यात लाज महागात पडते. वृषणात, म्हणजे बोलीत ज्याला गोटी म्हणतात तिथे, अचानक जोराची कळ आली, सूज आली, मळमळ किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुधा वाचते, उशीर झाला तर काढून टाकावे लागते. हे दुखणे विशेषतः बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना होते. याच वयातली मुले "पोटात दुखतंय" एवढेच सांगतात आणि खरी जागा लपवतात. आईबापांनो, मुलगा रात्री पोट धरून तळमळत असेल तर एकदा स्पष्ट विचारा, "खाली दुखतंय का?" या एका प्रश्नाने अवयव वाचू शकतो.

दुसरी नेहमीची तक्रार जांघेतल्या खाजेची. कंपनीत आठ-बारा तास घामात उभे राहणाऱ्या मुलांना गजकर्ण होते. लाजेमुळे मुलगा डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमधून ट्यूब आणतो. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम पडतो, मग गजकर्ण दुप्पट पसरते, कातडी पातळ होते. वर्षभर ट्यूबवर पैसे घालवलेली मुले मी पाहिली आहेत. सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी दिलेली योग्य औषधे काही आठवडे नेमाने घेतली की ते बरे होते. लघवीला जळजळ, लिंगातून पू येणे, जननेंद्रियावर फोड किंवा जखम, लिंगावरची कातडी मागे अडकून सूज येणे, वृषणात न दुखणारी गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

आता मुलींविषयी. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव होणे स्वाभाविक आहे. त्याने हाडे झिजत नाहीत. पण स्राव दह्यासारखा घट्ट होऊन खाज सुटली, पिवळा-हिरवट झाला, घाण वास आला, सोबत ओटीपोटात दुखू लागले किंवा ताप आला, तर दवाखाना गाठावा. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, आलेली पाळी तीन-तीन महिने गायब राहते, सात-आठ दिवसांहून अधिक रक्त जाते, तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागते, किंवा दर महिन्याला शाळा वा काम बुडेल इतके दुखते, तर "बायकांचे असेच असते" म्हणून गप्प बसू नये. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलीला चक्कर येते, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि घरचे म्हणतात पोरगी आळशी आहे!

पाळीचे कापड अंधाऱ्या कोपऱ्यात, ओलसर वाळवू नका. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळते. आणि पाळीतल्या मुलीला विटाळ मानून बाजूला बसवायचे असेल, तर आपण ज्या विटाळाविरुद्ध पिढ्यान् पिढ्या लढलो तो आपल्याच घरात परत आणला म्हणायचा. भगत, अंगारा, उतारा यांच्या नादी लागू नये हे तर आपल्याला बावीस प्रतिज्ञांनंतर वेगळे सांगायला नको. "लग्न केले की सगळे ठीक होते" हाही एक उताराच आहे. लग्नाने कोणताही आजार बरा होत नाही. उलट एकाच्या दुखण्यात दुसऱ्याचे दुखणे मिळते.

दवाखान्यात जायचे तर कुठे? आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिरूरच्या ग्रामीण, दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींसाठी त्यात समुपदेशनाची सोय आहे आणि महाराष्ट्रात अशा ठिकाणाला 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. केसपेपरच्या खिडकीवर सगळ्यांसमोर आजार सांगावा लागेल या भीतीने मुले परत फिरतात. तिथे "त्वचेचा विभाग", "स्त्रीरोग विभाग" किंवा "मैत्री क्लिनिक" एवढेच सांगावे, बाकीचे डॉक्टरांच्या खोलीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत, तेव्हा पैशाची सबब उरलेली नाही. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी केंद्रात फुकट होते. त्यासंबंधी शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

डॉक्टरांसमोर बोलायचे कसे? तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागदावर लिहून न्यावे. कधीपासून त्रास आहे, कुठे आहे, आधी कोणते औषध घेतले, मुलगी असेल तर शेवटची पाळी कधी आली, एवढ्या चार ओळी पुरतात. शरीरसंबंध आला असेल तर तेही खरे सांगावे, कारण त्यावर औषध ठरते. मुलीने "बाई डॉक्टर आहेत का?" असे विचारावे. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर आई किंवा नर्स जवळ असावी असा आग्रह धरावा. का तपासता, कसे तपासणार, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. एखादा डॉक्टर खेकसला, उपदेश करत बसला, तर दुसऱ्याकडे जावे. एका माणसाच्या वागण्यापायी उपचार सोडू नयेत.

कायद्याच्या दोन गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक हव्यात. अठरा वर्षांखालील मुला-मुलीवर कोणी लैंगिक अत्याचार केला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो गंभीर गुन्हा आहे. माहिती मिळालेल्या माणसाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. अत्याचार करणारा बहुधा ओळखीतलाच असतो, म्हणून लेकराने काही सांगितले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. दुसरी गोष्ट गर्भपाताची. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीला कायदेशीर गर्भपातासाठी स्वतःची संमती पुरते. विवाहित असो वा अविवाहित, भेद करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. अठराखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते. डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, पण मुलीने व पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव कळवण्याची गरज नाही, असेही त्याच निकालात आहे. तेव्हा मेडिकलमधून चोरून गोळ्या आणून मुलीचा जीव धोक्यात घालू नका. आणि भिंतीवरच्या 'खात्रीशीर इलाजा'चे म्हणाल, तर लैंगिक शक्ती वाढवण्याच्या, पाळीचे दोष दूर करण्याच्या औषधांची अशी जाहिरात करणे हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे!

हे सगळे घरात कसे आणायचे? एकदम मोठे भाषण नको. आईने मुलीला पाळी येण्याआधीच सांगावे, आल्यावर नव्हे. बापाने मुलाला एकट्याला घेऊन एवढेच म्हणावे, "तुला खाली काही त्रास झाला तर मला सांग, मी ओरडणार नाही, दवाखान्यात सोबत येईन." बाप गावी असेल तर चुलता, मामा, मोठा भाऊ यांनी हे काम करावे. आणि हे वाक्य बोलल्यावर ते पाळावे. सांगितलेली गोष्ट नातेवाइकांत चघळली गेली, की ते मूल पुन्हा कधी बोलणार नाही.

दर १ जानेवारीला आपल्या कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो बांधव येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब इथे आले होते. आपण त्या दिवशी पुस्तकांचे स्टॉल लावतो, पाणी वाटतो, अन्नदान करतो. त्यात तरुणांसाठी एक आरोग्य-सल्ल्याचा स्टॉल का असू नये? त्याच्या आधी प्रत्येक बुद्धविहाराने एक रविवार ठरवावा. एक बाई डॉक्टर, एक पुरुष डॉक्टर बोलवावेत. मुली वेगळ्या, मुले वेगळी बसवावीत. नाव न घालता प्रश्न लिहून टाकायला एक पेटी ठेवावी. डॉक्टरांनी एकेक चिठ्ठी उघडून उत्तर द्यावे. वर्गणीतून चहापाण्याचा खर्च निघेल, याहून जास्त काही लागत नाही. 'समाजस्वास्थ्य'च्या पानावर हेच चालले होते, आणि त्यासाठीच बाबासाहेब कोर्टात उभे राहिले होते. तेव्हा दोनशे रुपये दंड झाला होता. आज ही पेटी ठेवल्याबद्दल कोणी दंड करणार नाही.

आपल्या विहारात पेटी ठेवली तर त्यातले प्रश्न, नावाशिवाय, या सदराकडे जरूर पाठवा. डॉक्टरांना विचारून उत्तरे छापू.

जयभीम! नमो बुद्धाय!